कर्ण, द्रौपदी आणि सहावी वेळ

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात, हे आता आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलामुलींना सांगावे लागत नाही. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही मांगा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे क्रमशः चालली. सातशे प्रकरणे झाली. त्यात लढाया भरपूर आहेत. पण वाचकांत खरा वाद रंगला तो नायक नारुतो शेवटी कोणाचा होणार यावर. साकुराचा की हिनाताचा? जगभर दोन तट पडले. कोणत्या प्रसंगी कोणी कोणाकडे कसे पाहिले, कोणत्या चौकटीत कोण कोणाच्या शेजारी उभे आहे, असले पुरावे वर्षानुवर्षे गोळा झाले. २०१४च्या नोव्हेंबरात शेवटचे प्रकरण आले, त्यात नारुतो आणि हिनाता यांचा संसार दिसला, आणि एका तटाचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या तटातली मंडळी लेखकाचेच चुकले असे मानतात. जोड्या जुळवण्याच्या या उद्योगाला इंग्रजीत ‘शिपिंग’ म्हणतात. त्याचा जहाजाशी संबंध नाही. ‘रिलेशनशिप’ या शब्दाची शेपटी तेवढी ठेवली आहे.

हे सांगितले की आमच्या पिढीतले वाचक हसतात. पोरखेळ, म्हणतात. त्याच वाचकांना मग विचारावे : कर्णाला द्रौपदी मिळायला हवी होती का?

मलकापुरात हा प्रश्न मी किमान तीस वर्षे ऐकतो आहे. वाचनालयात, एसटी स्टँडवर, आंबा घाटाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहताना. निवृत्त शिक्षक, बाजारपेठेतले दुकानदार, अंगणवाडीतल्या ताई, सगळ्यांचे मत ठरलेले असते, आणि ते बदलायला कोणी तयार नसते. द्रौपदीने स्वयंवरात सूतपुत्र म्हणून नाकारले नसते तर महाभारत घडलेच नसते, असे एक जण म्हणतो. तिच्या मनात कर्णच होता, असे दुसरा. भर सभेत जो तिला नाही नाही ते बोलला त्याच्याशी तिची जोडी लावता, लाज नाही वाटत, असे कोणी तरी बाई ठणकावते. नारुतोच्या वाचकांचे याहून काय वेगळे चालले होते?

फरक एक आहे. मांगाचा लेखक हयात असतो, तो शेवटचे प्रकरण लिहून निकाल देतो. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे आपल्या घरोघरी पोहोचलेली लुइसा मे अल्कॉटची गोष्ट घ्या. १८६८ साली तिचा पहिला भाग आला आणि ज्योचे लग्न लॉरीशी करा अशी वाचक मुलींची पत्रे सुरू झाली. कोणाला खूष करण्यासाठी मी ते करणार नाही, अशा अर्थाचे अल्कॉटने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आणि पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या भागात ज्योला प्रोफेसर भाएर यांच्याशी बांधून टाकले. निकाल लागला. महाभारताला असा निकाल देणारा कोणी नाही. व्यासांना पत्र लिहिता येत नाही. म्हणून प्रत्येक पिढी हा खटला नव्याने उभा करते, आणि प्रत्येक पिढीचा निकाल तिच्याविषयीच जास्त सांगतो.

या खटल्यात आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. ‘ययाति’ (१९५९) लिहिणारे वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहत. ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. ‘राधेय’ (१९७३) लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे. महाभारतातल्या पात्रांवरच्या मराठीतल्या तीन गाजलेल्या कादंबऱ्या एकाच जिल्ह्यातून याव्यात, याची कारणे हा वेगळा विषय आहे. इथे एवढेच की त्यांतल्या दोन कर्णावर आहेत. ‘ययाति’तही जोडीचाच घोळ आहे. मूळ महाभारतात कच संजीवनी विद्या घेऊन देवलोकी जातो आणि देवयानीच्या पुढच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणले आणि कथेच्या शेवटापर्यंत वावरू दिले. नारुतोचे वाचक आवडत्या पात्राला आपापल्या गोष्टीत परत आणतात, तेच हे. फक्त खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ मिळाले.

आता कर्ण आणि द्रौपदी. वाद सुरू झाला की स्वयंवरातला नकार सगळ्यांच्या तोंडी असतो : कर्णाने धनुष्य उचलले, द्रौपदी मोठ्याने म्हणाली की मी सूताला वरणार नाही, आणि कर्ण धनुष्य टाकून मागे फिरला. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ पाहिलेल्या पिढीच्या तर डोळ्यांसमोर हे दृश्य उभे असते. वादातला हा मुख्य साक्षीदार. तो कितपत विश्वासार्ह आहे ते तपासले पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काम १९१९ साली सुरू झाले, १९६६ साली पुरे झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतली, निरनिराळ्या लिप्यांतली हस्तलिखिते जमवून, ताडून, सर्वांत जुना असा पाठ कोणता ते ठरवायचे आणि बाकीचे तळटीपांत आणि परिशिष्टांत टाकायचे, अशी ही पद्धत. आदिपर्वाचे संपादन स्वतः वि. सी. सुखटणकरांनी केले, ते १९३३ साली पूर्ण झाले. त्या आदिपर्वात द्रौपदीचा नकार नाही. तो थोड्याच हस्तलिखितांत सापडला, म्हणून सुखटणकरांनी तो मूळ पाठातून काढून खाली टाकला.

मग तो आपल्यापर्यंत कसा आला? सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धरांच्या पाठातून. हे गोदाकाठच्या कोपरगावचे, काशीत राहून त्यांनी महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. पुढे छापखाने आले तेव्हा नीलकंठांचाच पाठ सर्वत्र छापला गेला; पुण्याच्या चित्रशाळा प्रेसनेही तोच काढला. घरोघरीची भाषांतरे, कीर्तने, नाटके त्याच पाठावर उभी राहिली. म्हणजे ज्या नकारावरून आपण द्रौपदीला दोष देतो तो एका मराठी पंडिताच्या पोथीतून सर्वदूर गेला आणि दुसऱ्या मराठी पंडिताच्या चिकित्सेत गळला.

या जागी एक गंमत आहे. थोडे पुढे, अर्जुन ब्राह्मणवेशात धनुष्याकडे निघतो तेव्हा जमलेले ब्राह्मण आपसांत कुजबुजतात की कर्ण, शल्य अशा नामांकित वीरांनाही जे वाकवता आले नाही, ते या पोराला काय वाकणार. हे बोलणे चिकित्सक आवृत्तीत आहे आणि नीलकंठांच्या पाठातही आहे. कर्णाला धनुष्य जमलेच नाही, तर नकाराची वेळ आलीच कुठे? आणि नकारामुळे तो थांबला असेल, तर ब्राह्मण असे का बोलतात? कोणी तरी नवी वीट बसवली, पण शेजारची जुनी वीट काढायला विसरले. सांधा तिथे दिसतो.

वीट का बसवली असावी, याचा अंदाज बांधता येतो. पुढे द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला ‘बंधकी’ म्हणतो. पाच पतींची बाई म्हणजे वेश्याच, असा त्याचा युक्तिवाद. तिची वस्त्रे काढ, असे दुःशासनाला सांगणाराही तोच. हे इतके क्रूर आहे की ऐकणाऱ्याला कारण हवे असते. स्वयंवरात अपमान झाला होता, हे कारण पुरवले की क्रौर्य समजण्याजोगे होते, आणि आधुनिक वाचकाच्या दृष्टीने जवळजवळ क्षम्यही. ही खटपट कर्णासाठी आहे. तिची किंमत द्रौपदीच्या खाती मांडली जाते.

त्याच सभेत कर्णाचे आणखी एक बोलणे आहे, जोडीवाले त्याच्यावर फार विसंबतात. द्रौपदीने धृतराष्ट्राकडून वर मागून पतींना दास्यातून सोडवले, तेव्हा कर्ण म्हणतो की रूपासाठी नावाजलेल्या कोणत्याही स्त्रीने असे कृत्य केल्याचे ऐकले नाही. बुडणाऱ्या पांडवांना ही नाव झाली. बघा, म्हणतात, मनात आदर होता. पण पुढच्याच श्लोकात हे ऐकून भीम संतापतो. बायकोने वाचवले, हा टोमणा होता, असे त्याला वाटले. कौतुक की टोमणा, हे आवाजावरून कळते, आणि आवाज पोथीत येत नाही. साकुरा हसली ती प्रेमाने की उपहासाने, यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या मुलांची अडचण हीच असते.

जोडीचा सर्वांत भक्कम पुरावा उद्योगपर्वात आहे, आणि तो चिकित्सक आवृत्तीतही टिकला आहे. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि त्याचे जन्मरहस्य सांगतो. कुमारिकेच्या पोटी झालेला मुलगा शास्त्राप्रमाणे तिच्या नवऱ्याचाच, म्हणून तू पांडूचा थोरला मुलगा. चल, राजा हो. पाची पांडव तुझे पाय धरतील. या आमिषांच्या यादीत एक कलम असे आहे : सहाव्या वेळी द्रौपदी तुझ्याकडे येईल.

पाच पतींच्या पाळ्या, ही सहावी. महाभारतात कर्ण आणि द्रौपदी यांची जोडी अशी लावली आहे, एवढीच, आणि ती लावणारा कृष्ण आहे. त्याने द्रौपदीला विचारलेले नाही. ज्या बाईचे केस त्या घटकेला मोकळे होते, जिने निघताना याच कृष्णाला ते केस दाखवून सूडाची आठवण दिली होती, तिला तो तिच्याच वैऱ्याला देऊ करतो. तिचा सखा म्हणवणारा हा माणूस. महाभारत याच्यावर काही भाष्य करत नाही. ते असले प्रसंग मांडून पुढे जाते.

लोकपरंपरेने मात्र ही जागा हेरली आणि विचारले : तिचे काय? जांभूळ आख्यान हे त्याचे उत्तर. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, गाभा असा : वनवासात पांडवांच्या हातून एका ऋषीच्या झाडाचे जांभूळ तुटते. ऋषीचा शाप टाळायचा तर फळ परत देठाला लागले पाहिजे, आणि ते लागण्यासाठी प्रत्येकाने मनातले खरे बोलायचे, असे कृष्ण सांगतो. एकेक पांडव बोलतो तसे फळ वर चढते. द्रौपदी बोलते आणि फळ खाली येते. तिला पुन्हा बोलावे लागते : कर्णाला पाहिले तेव्हा मनात आले, हा सहावा असता तर. फळ देठाला चिकटते. बंगालीत काशीराम दासाच्या महाभारतात हीच कथा आहे, तिथे जांभळाऐवजी आंबा. मला जांभूळ अधिक पटते. आमच्या भागात मे-जूनमध्ये घाटातली जांभळे बाजारात येतात, आणि ज्याने खाल्ली त्याची जीभ दिवसभर सांगत असते. पुसता येत नाही.

हे आख्यान महाराष्ट्रभर पोहोचवले शाहीर विठ्ठल उमप यांनी. सहा पुरुष आणि एक बाई त्यांनी एका अंगावर खेळवली. उमप आंबेडकरी जलशाच्या परंपरेतून घडलेले. २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच त्यांनी देह ठेवला. सूत म्हणून हिणवलेल्या माणसाकडे राणीचे मन ओढले गेले, ही गोष्ट अशा शाहिराच्या तोंडून ऐकताना वेगळी लागते. तिथे नकाराचा हिशेब उलटा फिरलेला असतो. तरीही माझ्या मनात एक खोच राहते. पाची नवऱ्यांनीही आपापली गुपिते सांगितली. पण त्यांच्या लक्षात कोणाच्याच राहत नाहीत. लक्षात राहते ती तिची कबुली. सुभद्रा, हिडिंबा, उलूपी, चित्रांगदा यांच्या बाबतीत कोणत्याही झाडाचे कोणतेही फळ खाली आले नाही.

या सगळ्या वादात एक विदुषी अशी होऊन गेली की जिने जोड्या जुळवण्याची रीत कशी असावी ते दाखवले. इरावती कर्वे. ‘युगान्त’ १९६७चे, म्हणजे ‘मृत्युंजय’च्याच वर्षाचे, भांडारकरची आवृत्ती पुरी झाली त्याच्या पाठोपाठचे. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाईंनी पाया म्हणून चिकित्सक आवृत्ती घेतली आणि तिच्यावर उभे राहून एक धाडसी जोडी सुचवली : कुंती आणि विदुर. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असेल का? त्यांचे पुरावे मोजके आहेत. विदुर हा यमधर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा पुत्र. नियोगासाठी दीर हा रूढ पर्याय. पांडव वनवासात असताना कुंती विदुराच्या घरी राहिली. आणि आश्रमवासिक पर्वात विदुर मरताना योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरतो. एवढे मांडून त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले आहे, निकाल दिलेला नाही.

द्रौपदीवरच्या लेखात त्या याच्याही पुढे गेल्या. तिथे त्यांची जोडी द्रौपदी आणि भीमाची. महाप्रस्थानाच्या वाटेवर पडलेल्या द्रौपदीला शेवटच्या घटकेला उमगते की आपल्यावर जीव टाकला तो भीमानेच, आणि पुढच्या जन्मी तू थोरला हो, असे ती त्याला सांगते. महाभारतात असे काही नाही. पण हे लिहिण्याआधी इरावतीबाईंनी वाचकाला स्पष्ट बजावले आहे की इथवरचे विवेचन चिकित्सक आवृत्तीवर आधारलेले होते, यापुढची माझी ‘नरोटी’. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. शब्द एकनाथांच्या वापरातला. आजची मुले मूळ कथेतले काय आणि आपल्या मनातले काय, यांत भेद करायला इंग्रजी संज्ञा वापरतात. मराठीत त्यासाठी नरोटीइतका नेमका आणि विनयी शब्द तयार आहे. तो वापरात यावा.

हा भेद पाळला तर कर्ण-द्रौपदी जोडीत काय उरते? स्वयंवरातला नकार ही उशिराची भर. जांभूळ ही नरोटी, सुंदर आणि भरलेली, पण नरोटी. उरते ती सहावी वेळ. आणि तिच्यावर कर्णाने दिलेले उत्तर.

हे उत्तर वादात कोणी पुढे करत नाही, याचे मला सारखे आश्चर्य वाटते, कारण ते त्याच प्रसंगात, पुढच्याच अध्यायात आहे. कृष्णाने राज्य दिले, भाऊ दिले, द्रौपदी दिली. कर्ण सुरुवात करतो ती अधिरथ आणि राधेपासून. पाण्यात सोडलेले मूल अधिरथाने घरी नेले, राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. अधिरथ मला मुलगा मानतो, मी त्याला बाप. मग तो सांगतो की मी वयात आल्यावर अधिरथाने माझी लग्ने लावून दिली. त्या बायकांपासून मला मुलगे झाले, नातू झाले. माझे हृदय, माझे प्रेमाचे बंध त्यांच्याशी जडलेले आहेत. सारी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे मला मोडवणार नाही.

पांडवांना बोललेल्या कडू शब्दांचा पश्चात्तापही तो याच वेळी बोलून दाखवतो. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून बोललो, म्हणतो. द्रौपदीचे नाव त्यातही घेत नाही.

म्हणजे जोडीचा प्रस्ताव आला, आणि ज्याच्यासाठी आला त्याने आपल्या सूताघरच्या बायकांची आठवण काढून तो परत केला. त्यानंतर आजपर्यंत आपण ‘कर्णावर अन्याय झाला’ असे म्हणत त्याला द्रौपदी मिळवून देण्याच्या मागे आहोत. हा कळवळा खरा आहे, तो मी नाकारत नाही. मलकापूरसारख्या गावात, जिथे लग्नाची बोलणी पहिल्या दोन वाक्यांत आडनावावर येतात, तिथे कर्णासाठी तळमळणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचे किंवा घरातल्या कोणाचे तरी दुःख बोलत असतो. पण या न्यायात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : क्षत्रिय राजकन्या मिळाली तरच भरपाई झाली, सूताची मुलगी ही काही भरपाई नव्हे. कर्णाला सूत म्हणून कमी लेखले याचा राग येतो, आणि त्याच रागात त्याच्या बायकोला सूत म्हणून आपणच कमी लेखतो. वाचनालयात मी एकदा हे बोललो तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, अहो, पण तिचे नावसुद्धा कोणाला माहीत नाही.

नाव शिवाजी सावंतांच्या वाचकांना माहीत आहे : वृषाली. ‘मृत्युंजय’ सहा पात्रांच्या तोंडून उलगडते. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण. द्रौपदीला त्यात स्वतःचे प्रकरण नाही, कर्णाच्या बायकोला आहे. जोडीवरून भांडणाऱ्यांनी ही रचना एकदा नीट पाहावी. आजऱ्याच्या या लेखकाने कोणाला बोलू द्यायचे ते विचारपूर्वक ठरवले होते, असे मला वाटते.

महाभारतात ती एकदाच समोर येते, स्त्रीपर्वात. युद्ध संपले आहे, गांधारी कृष्णाला रणांगणावरची प्रेते दाखवत चालली आहे. कर्णाच्या देहापाशी ती थांबते. श्वापदांनी त्याचे फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही. शेजारी केस सुटलेली एक बाई जमिनीवर पडून रडते आहे. उठते, पुन्हा पडते. मुलगाही याच युद्धात अर्जुनाच्या हातून गेलेला. गांधारी तिची ओळख करून देते : ही कर्णाची पत्नी, वृषसेनाची आई.